घर सोडलंयस आणि नवा पत्ता घरी कळू द्यायचा नाही? मग हे आधी वाच

आधी एक काम कर. तुझा फोन घरी रोज रात्री तपासला जात असेल तर हे त्या फोनवर वाचू नकोस, मैत्रिणीच्या फोनवर वाच, आणि अगदीच पर्याय नसेल तर वाचून झाल्यावर हिस्ट्री पुसून टाक.

मी कोल्हापूरची. विसाव्या वर्षी घर सोडलं. का सोडलं ते इथं लिहीत बसत नाही, ज्या पोरी हे वाचतायत त्यांना बरोबर माहितीय. पहिल्या वर्षात माझा पत्ता दोनदा फुटला आणि दोन्ही वेळा तो मीच फोडला होता, नकळत. कुणी माझा पाठलाग केला नाही, कुणी डिटेक्टिव्ह लावला नाही, माझ्याच नंबरनं आणि माझ्याच फॉर्मनं घात केला. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे, उलटसुलट केलंस तर केलेलं काम वाया जातं.

एक गोष्ट आधीच सांगते. अमेरिकेत यासाठी सरकारी सोय आहे, वॉशिंग्टन राज्यानं १९९१ ला सुरू केली आणि मग बऱ्याच राज्यांनी उचलली. छळातून बाहेर पडलेल्या माणसाला सरकार एक पर्यायी पत्ता देतं, सरकारी कागदांवर तोच लिहायचा, टपाल तिथं जातं आणि तिथून पुढं खऱ्या घरी पाठवतात. आपल्याकडं अशी योजना नाही. आपल्याकडं आहेत ते चार कायद्यांतले तुकडे, ते आपणच गोळा करून गोधडी शिवायची. त्यात आपलं कोल्हापूर म्हणजे रिक्षात बसलं तरी “कुणाची गं तू, कुठल्या पेठेतली” विचारतात आणि सांगितलं की म्हणतात, म्हणजे अमक्याची पुतणी की!

१. आधी वय बघ, कारण रस्ता तिथंच बदलतो

अठरा पूर्ण नसतील तर गुपचूप मैत्रिणीकडं जाऊन राहू नकोस. घरचे अपहरणाची तक्रार देतील आणि तुला भाकरी घालणारी मैत्रिणीची आई पोलीस स्टेशनच्या चकरा मारत बसेल. अठराच्या आत असशील, मुलगी असो नाहीतर मुलगा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन कर. ते बालकल्याण समितीपुढं नेतात. समिती साधारणपणे घरच्यांशी बोलते आणि शक्य असेल तर घरी पाठवायचं बघते, म्हणून काय काय झालंय ते तिथं स्पष्ट सांग, लाजून अर्धंच सांगू नकोस, आणि “घरच्यांना माझी जागा सांगू नका” हेही सांग. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणं अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा छापायला बंदी आहे. लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सोच्या कलम २३ मध्ये मीडियाला तशीच बंदी आहे, त्यात शेजार आणि घरच्यांची माहितीसुद्धा येते.

अठरा पूर्ण असतील तर तू कुठं राहायचं ते तू ठरवायचं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २००५ चा, हा फक्त लग्न झालेल्या बायकांचा आहे असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नाहीये. वडील, भाऊ, काका यांच्याविरुद्ध मुलगी पण जाऊ शकते. आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यातला “प्रौढ पुरुष” हा शब्द काढून टाकला, त्यामुळं घरातल्या बाईविरुद्धही जाता येतं. अठरावरच्या मुलांना मात्र हा कायदा लागू नाही, त्यांना साधी पोलीस तक्रार, पण खालचं फोन-आधारचं सगळं त्यांनाही तसंच्या तसं लागू.

२. निघायच्या आधी हे कागद

हे बॅगेत पाहिजेत, मूळ नाही मिळाले तर फोटो तरी:

- आधार, पॅन, जन्मदाखला
- दहावी-बारावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला
- जातीचा दाखला, डोमिसाईल
- वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, यावर खाली बोलते
- बँक पासबुक
- मार लागल्यावर दवाखान्यात गेली असशील तर तो केसपेपर, जखमांचे तारखेसकट फोटो

मार्कलिस्ट राहिली तर रडू नकोस, डिजिलॉकरवर मिळू शकते, नाहीतर आपल्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडून डुप्लिकेट निघते. खरी अडचण होते ती वडिलांच्या दाखल्याची. जात पडताळणीला वडिलांकडचे जुने पुरावे लागतात आणि घर सोडल्यावर ते तुला कोण देणार? माझ्या ओळखीच्या एका पोरीची ॲडमिशन यावरच अडकली होती. कपाटातली ती जुनी फाईल एका दुपारी मोबाईलवर फोटो काढून घे, दहा मिनिटांचं काम आहे. आणि ते फोटो घरच्या फोनच्या गॅलरीत ठेवू नकोस, नवीन ईमेल उघडून तिथं टाक आणि फोनमधून पूस.

३. नंबर. सगळ्यात आधी नंबर.

हे वाचून बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. पत्ता फुटतो तो नंबरातून.

सिम वडिलांच्या नावावर असेल तर ते दुकानात जाऊन डुप्लिकेट काढू शकतात आणि मग तुझे सगळे ओटीपी त्यांच्या खिशात. तेव्हा स्वतःच्या नावावर नवीन सिम घे. पण ते जुन्याच हँडसेटमध्ये तसंच घालू नकोस. फोन फॅक्टरी रिसेट कर, नवीन जीमेल काढ, जुना जीमेल त्यावर परत टाकू नकोस, कारण तो भावाच्या फोनवर किंवा घरच्या टीव्हीवर लॉगिन असतो आणि गूगलचं “फाइंड हब” (आधीचं “फाइंड माय डिव्हाइस”) दाबलं की नकाशावर तू. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेस, हे पण बघ. जमलं तर सेकंडहँड का होईना दुसरा हँडसेटच घे.

मग शेअर्ड अकाउंट. माझा पत्ता पहिल्यांदा फुटला तो इथं. एका शॉपिंग ॲपवर माझं आणि भावाचं एकच अकाउंट होतं, मी हॉस्टेलवर आल्यावर एक बादली आणि उशी मागवली, बास, नवा पत्ता “सेव्ह्ड ॲड्रेसेस” मध्ये जाऊन बसला आणि त्याला ऑर्डरचं नोटिफिकेशन पण गेलं असणार. तिसऱ्या दिवशी तो गेटवर. दीडशे रुपयांची बादली लई महाग पडली! तर खाण्याची ॲप, कॅबची ॲप, रेल्वेचं तिकीट, रिचार्जचं ॲप, सगळीकडं नवीन नंबरनं नवीन अकाउंट. इन्स्टाला कॉन्टॅक्ट सिंक बंद कर, नाहीतर नवीन अकाउंट काढलंस तरी ते चुलत बहिणीला “यांना ओळखता का” म्हणून तूच दिसतेस.

गाडीचं कुणाच्या लक्षात येत नाही. इचलकरंजीची एक पोरगी वडिलांच्या नावावरची मोपेड घेऊन पुण्याला आली होती. सिग्नल तोडला, कॅमेऱ्यानं फोटो काढला, ई-चलनचा मेसेज थेट वडिलांच्या मोबाईलवर, चौकाच्या नावासकट. फोर-व्हीलर असेल तर फास्टॅगचं तेच, किणी टोलनाक्यावर पैसे कटले की मेसेज ज्याचा नंबर त्याला. गाडी घरीच ठेव, एसटीनं जा.

४. मिसिंगची तक्रार होणारच, तिची तयारी ठेव

तू निघालीस की घरचे दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जातात आणि “मुलगी हरवली” लिहून देतात. मग पोलीस तुझं लोकेशन काढतात, कायद्यानं काढतात, आणि मग कुणीतरी दया येऊन “सापडली हो, अमुक ठिकाणी आहे” असं वडिलांना सांगून टाकतो. वाईट हेतूनं नाही, बापाचं तोंड बघून सांगतो.

म्हणून पोलिसांनी तुला शोधायच्या आधी तूच जवळच्या कुठल्याही पोलीस स्टेशनला जा. सोबत कुणीतरी घे, वकील किंवा संस्थेची कार्यकर्ती असेल तर उत्तमच. लेखी दे: मी सज्ञान आहे, वय अमुक, स्वतःच्या मर्जीनं घर सोडलंय, घरी मला मारहाण होत होती, मला परत जायचं नाही, माझा सध्याचा पत्ता घरच्यांना देऊ नये. वयाचा पुरावा जोड. दोन प्रती कर आणि एकीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. एक प्रत कोल्हापूरच्या एसपी ऑफिसला स्पीड पोस्टानं पाठव, पण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून रूमचा पत्ता लिहू नकोस, वकिलाचा लिही. मी हे शहाणपण दुसऱ्याकडून शिकले.

घरचे हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे “मुलीला कोर्टापुढं हजर करा” असा अर्ज, पण टाकू शकतात. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, त्यामुळं आता त्यासाठी मुंबईची वारी पण नको. घाबरू नकोस, तिथं सज्ञान मुलीला जज विचारतात तुला कुठं जायचंय, आणि तिनं सांगितलं तेच धरतात.

५. पहिल्या काही रात्री कुठं

१८१ ही महिलांची हेल्पलाईन, तातडीचं असेल तर ११२. सखी वन स्टॉप सेंटर म्हणून केंद्र असतं, तिथं दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी, पण राहायचं थोडेच दिवस. पुढं शक्ती सदन, म्हणजे अडचणीतल्या बायकांचं सरकारी निवारागृह, किंवा नोकरी करणाऱ्यांसाठी सखी निवास.

निवारागृहात गेलीस तर एक वाक्य नक्की म्हण: “माझी माहिती कुणाला देऊ नका, हे लिहून घ्या.” कारण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे २००६ चे जे नियम आहेत, त्यातला नियम १६ म्हणतो की तुझी इच्छा असेल तर निवारागृहानं तू तिथं आहेस हे समोरच्याला कळवायचं नाही. “तुझी इच्छा असेल तर”, म्हणजे तू सांगायला पाहिजेस. आणि आधी रिपोर्ट केला नाही म्हणून निवारा नाकारता येत नाही, हेही त्यातच आहे.

६. आधार, बँक, मतदार यादी

आधारला कुणाचा नंबर जोडलाय ते आधी बघ. आपल्यापैकी अर्ध्याजणींच्या आधारला पप्पांचाच नंबर असतो, शाळेत असताना काढलेलं असतं ना. अशात तू हौसेनं नवा पत्ता अपडेट केलास की मेसेज पप्पांना, आणि ओटीपी त्यांच्याकडं असल्यामुळं ते नव्या पत्त्याचं ई-आधार डाउनलोड करून वाचू पण शकतात. म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन अंगठा देऊन नंबर बदल, त्याला कुठला कागद लागत नाही.

आणि पत्ता? पत्ता बदलूच नकोस. निदान पहिली दोन-तीन वर्षं. आधारवर जुना पत्ता राहिला म्हणून काही अडत नाही, उलट तुझा एकही कागद नव्या जागेकडं बोट दाखवत नाही. फक्त आधारचं प्लॅस्टिकचं पीव्हीसी कार्ड मागवू नकोस, ते पोस्टानं त्याच जुन्या घरी जाईल. “मास्क्ड आधार” म्हणजे पत्ता लपतो असं पण समजू नकोस, त्यात फक्त नंबरचे पहिले आठ आकडे झाकतात, पत्ता ठसठशीत दिसतो.

बँक: घरच्यांबरोबर जॉइंट असेल किंवा लहानपणी पालकांनी उघडलेलं असेल तर ते खातं वापरणं बंद. एटीएमची एक एन्ट्री पुरते, पासबुक भरून आणलं की कुठल्या शहरातून पैसे काढले ते छापून येतं. नवीन खातं दुसऱ्या बँकेत उघड. आधारनं केवायसी करताना सध्याचा पत्ता वेगळा असेल तर त्यासाठी स्वतःचं डिक्लरेशन चालतं, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, काउंटरवर नाही म्हणाले तर मॅनेजरला भेट. टपालासाठी ऑफिसचा किंवा वकिलाचा पत्ता दे, नाहीतर कार्ड-चेकबुक जुन्या घरी जातं.

मतदार यादी तर उघडीच असते. तुझ्या मतदार कार्डाची झेरॉक्स घरी आहे, त्यावरचा नंबर वेबसाईटवर टाकला की तुझं मतदान केंद्र दिसतं. नवीन गावात नाव हलवलंस तर शाळेचं नाव, भाग क्रमांक, सगळं मिळालं की. मतदान केलंच पाहिजे हे मलाही पटतं पण माझं नाव अजून जुन्याच वॉर्डात आहे आणि दोन निवडणुका मी घरी बसून काढल्या.

७. कोर्टात जाणार असशील तर

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारकडून वकील फुकट मिळतो, १५१०० ला फोन कर किंवा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

आता सापळे, एकामागून एक.

पहिला, केस कुठं टाकायची. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा म्हणतो तू तात्पुरती राहतेस तिथं पण टाकता येते. छान वाटतं. पण पुण्यात टाकलीस की नोटीसवर पुण्याचं कोर्ट, म्हणजे तू पुण्यात आहेस हे तूच कळवलंस. त्रास कोल्हापुरात झालाय, तर कोल्हापुरातही टाकता येते. प्रवास जास्त होईल पण शहर लपतं. हे कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरा, अर्जावरचा पत्ता. तुझ्या अर्जाची प्रत समोरच्याला मिळते. त्यात अर्जदाराचा पत्ता म्हणून तू रूम नंबरसकट लिहिलास तर संपलं. वकिलाला स्पष्ट सांग, जुना पत्ता आणि पत्रव्यवहारासाठी वकिलाचा पत्ता लिहा, आणि कोर्टाला खरा पत्ता हवाच असेल तर बंद पाकिटात द्यायची परवानगी मागा. याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी जो घटनेचा अहवाल लिहितात, त्याची प्रत जिथं त्रास झाला तिथल्या पोलीस स्टेशनला जाते, म्हणजे तुझ्या घराजवळच्याच, जिथं काकांचं चहापाणी असतं. तिथंही हाच पत्ता. त्याच अधिकाऱ्यांकडं सुरक्षा आराखड्याचा फॉर्म असतो, फॉर्म पाच, तो भरायला सांग आणि त्यात पत्त्याचं लिहायला लाव.

तिसरा, तारीख. ईकोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाईटवर नाव टाकलं की केस आणि पुढची तारीख दिसू शकते, म्हणजे तू त्या दिवशी बावड्यात असणार हे त्यांना माहीत. कोर्टातून सरळ रूमवर जाऊ नकोस, सोबत कुणी ठेव, वकिलाला व्हीसीनं, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून, हजर राहायचा अर्ज टाकता येतो का विचार. कलम १६ खाली सुनावणी बंद खोलीत घ्या असंही मागता येतं.

कलम १८ चा संरक्षण आदेश मिळाला तर त्यात “फोन, मेसेज, कामाच्या जागी येणं, कुठल्याही मार्गानं संपर्क करणं बंद” हे शब्द आहेत ना बघून घे. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची झेरॉक्स पर्समध्ये ठेव, हॉस्टेलच्या वॉचमनला पण एक दे.

८. रूम, कॉलेज, नोकरी

पीजीच्या फॉर्मवर “पालकांचा नंबर” असतो आणि बाई म्हणतात भरल्याशिवाय खोली नाही. खोटा नंबर देऊ नकोस, पकडलं की विश्वास जातो. बाईला बाजूला घेऊन थोडक्यात सांग आणि तुझ्या मोठ्या मैत्रिणीचा किंवा कार्यकर्तीचा नंबर दे. दहातल्या सात बायका समजून घेतात, आणि त्या तीन समजून न घेणाऱ्यांकडं तुला तसंही राहायचं नव्हतं.

कॉलेजमधून दाखला स्वतः हातानं घे, “अमुक कॉलेजला पाठवा” असं लिहून देऊ नकोस, नाहीतर क्लार्कच्या टेबलावर नवीन कॉलेजचं नाव पडून राहतं आणि वडील प्रिन्सिपॉलना भेटायला गेले की चहाबरोबर तेही मिळतं. दोन्ही कॉलेजला पत्र दे की माझी माहिती पालकांना सुद्धा देऊ नये, मी सज्ञान आहे.

नोकरी. दुसऱ्यांदा माझा पत्ता फुटला तो इथं. जॉइनिंग फॉर्मवर कायमचा पत्ता म्हणून मी प्रामाणिकपणे घरचा लिहिला, आणि एक महिन्यानं कंपनीनं नेमलेला व्हेरिफिकेशनवाला माणूस आमच्या दारात जाऊन आईला विचारतो, “तुमची मुलगी आमच्याकडं लागलीय, इथंच राहते का?” कंपनीचं नाव, शाखा, सगळं. त्या माणसाचा दोष नाही, त्याचं कामच ते. तर एचआरला ऑफर लेटर हातात पडल्या पडल्या सांग, व्हेरिफिकेशन कागदांवरून करा, घरी माणूस पाठवू नका. ईमेलवर सांग, तोंडी नको. पासपोर्ट काढताना पोलीस चौकशीचं हेच लक्षात ठेव. आणि वडिलांच्या मेडिकल पॉलिसीवर दवाखान्यात ॲडमिट होऊ नकोस, क्लेमचा मेसेज त्यांना.

९. माणसं

एक मावशी असते. प्रत्येकीला असते. तुझ्यावर जीव लावणारी, आणि आई रडली की विरघळणारी. तिला सांगू नकोस. तिला त्रास नको म्हणून सांगू नकोस, खोटं बोलता येत नाही तिला. पत्ता फक्त दोघांना माहीत असू दे, एक वकील किंवा कार्यकर्ती आणि एक मैत्रीण, आणि त्या दोघांची एकमेकींशी ओळख असू दे.

आईशी बोलायचं असेल तर, आणि वाटतंच, मी दर पंधरा दिवसांनी बोलते. माझ्या नंबरवरून नाही, कार्यकर्तीच्या ऑफिसमधून. व्हिडिओ कॉल नाही, कारण मागची खिडकी, मागचा बोर्ड, रस्त्यावरच्या बसचा नंबर, भाऊ स्क्रीनशॉट काढून झूम करतो. आई विचारते जेवलीस का, मी म्हणते हो, काय जेवलीस, तर आमटी-भात. ती गावाचं नाव विचारत नाही. पहिल्या फोनलाच मी तिला सांगितलं होतं की मला विचारू नको, म्हणजे तुला कुणी विचारलं तर तुला खरंच माहीत नसेल.

१०. तरी फुटलाच तर

गेटवर कुणी आलं तर खाली जाऊन “एकदाच बोलू” करू नकोस, मी केलं होतं. आतून कडी, ११२, मग वॉचमन, मग वकील, या क्रमानं. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी मागून घे, थोड्या दिवसांनी पुसलं जातं. पाठलाग सुरू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तक्रार होते. दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली असू दे: कागदांची फाईल, दोन ड्रेस, चार्जर, हजारभर रुपये रोख, औषधं. माझी अजून तशीच आहे, दिवाळीला साफसफाई करताना फक्त त्यातल्या औषधांची तारीख बघते आणि बदलते.